बुधवारचं पाणी

मनुबाईच्या कार्डावर 'नकार' हा शेरा मी माझ्या हाताने मारला. लाल शाईने, ठसठशीत. नियमच तसा होता. सलग तीन तपासण्या चुकल्या की नकार समजायचा, नाव कमी करायचं आणि गोळ्या बंद. नियम मी केला नव्हता, असं पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत राहिले. पण पेन माझंच होतं आणि मनुबाई समोर बसली होती.

बाजारातून ती धावतपळत आली होती. आम्ही सामान आवरायला घेतलं होतं. रिकामी पाटी तिने देवळाच्या पायरीशी ठेवली, पदराने मान पुसली आणि गोळ्यांसाठी हात पुढे केला. मी गोळ्यांऐवजी कार्ड घेतलं, लिहिलं आणि परत दिलं. तिला वाचता येत नव्हतं. शब्दावर बोट ठेवून तिने विचारलं, "ह्या लाल काय लिवलंस गो बाय?"

मी सांगितलं की तीन बुधवार ती आली नाही, म्हणून तिने औषधाला नकार दिला असं लिहावं लागलं.

ती त्या शब्दाकडे बघत राहिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी कवा नाय बोलली?"

जीप चालवणाऱ्या उत्तमने हॉर्न वाजवला आणि मी उठले. याची लाज मला अजून वाटते.

सत्त्याऐंशी सालची दिवाळी झाली आणि नौपाड्यातल्या आमच्या संस्थेने हे काम हाती घेतलं होतं. रक्तदाब आणि त्यातून येणारा लकवा कुणाला जास्त होतो आणि तो कमी कसा करता येईल, याचा अभ्यास. दोन वस्त्या निवडल्या होत्या. एक आमचाच नौपाडा, तिथल्या चार सोसायट्या. दुसरा बंदरपाडा, डोंबिवलीच्या पश्चिमेला खाडीच्या काठावरचा कोळीवाडा. मी घरोघर जाऊन नावं घेणारी, दाब मोजणारी आणि वही लिहिणारी कार्यकर्ती. उत्तम जीप चालवायचा आणि गोळ्या मोजून द्यायचा. कागदावरचे आकडे जुळवायला नीला नावाची एक मुलगी होती, नुकतीच एम.एस्सी. झालेली. या सगळ्यांच्या वर मोठे डॉक्टर.

पहिल्या पाहणीतच जे दिसायचं ते दिसलं. पस्तिशीच्या पुढच्या माणसांत वाढलेला दाब बंदरपाड्यात नौपाड्यापेक्षा थोडा जास्त होता, फार नाही. पण नौपाड्यात दाब वाढलेल्या तिघांतले दोघे आधीपासून गोळी घेत होते. माझ्या सासूबाईंचा दाब तर आमचे घरचे डॉक्टर दर पंधरा दिवसांनी घरी येऊन बघायचे आणि चहा घेऊन जायचे. बंदरपाड्यात दाब वाढलेल्या एकशे बारा जणांत गोळी घेणारे चार. फरक आजारात कमी आणि गोळीत जास्त होता. लकवा मात्र त्या पाड्यात घरटी मोजावा असा.

मनुबाईच्या घरी तो आधीच येऊन गेला होता. तिचा नवरा दामाजी शेहेचाळिसाव्या वर्षी होडीतच कोसळला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तो दारात बसून जाळ्याच्या गाठी मारत होता, डाव्या हाताने आणि दातांनी. मुलगा नाथा एकटाच खाडीत जायचा, मासळी विकायची मनुबाईने. घरात धडधाकट उजवे हात राहिले होते ते दोनच, तिचा आणि नाथाचा.

तिचा दाब मी मोजला तेव्हा पारा दोनशे दहावर गेला. मला वाटलं यंत्र बिघडलं. दुसऱ्या हातावर लावून बघितलं, तेवढाच. डोकं दुखतं का, म्हणून विचारलं तर ती हसली. म्हणाली, डोका तं जन्माचाच दुखतं, त्याला काय मोजतंस.

शेजारी तिची जाऊ शेवंती बसली होती. तिची जीभ सुरीसारखी. तिने मला सांगितलं की इचा दाब घरातल्या माणसांमुले वाढलाय, त्यांना गोल्या द्या, इला नको. सगळ्या बाया खिदळल्या. मनुबाईही. पण निघताना तिने मला बाजूला घेतलं आणि दामाजीकडे नजर टाकून हळूच विचारलं, गोळी घेतली तर हे होणार नाही ना. मी म्हटलं, रोज घेतली तर बहुतेक नाही होणार. रोज घेईन, ती म्हणाली, देवाला दिवा लावते तशी घेईन.

आणि तिने घेतली. तीन महिन्यांत दाब दीडशेवर आला.

तपासणी दर बुधवारी अकरा ते एक, गावदेवीच्या देवळाच्या ओसरीवर. हा दिवस नौपाड्यात ठरला. त्या दिवशी जीप मोकळी असते म्हणून ठरला. बंदरपाड्यात कुणाला विचारलं नव्हतं. मीही नाही.

पहिल्या बुधवारी ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या बुधवारी नऊ जण. तिसऱ्याला पुन्हा गर्दी, चौथ्याला आठ. उत्तम म्हणायचा, वासंतीताई, तुमच्या उपासाच्या दिवशी हे लोकसुद्धा आपल्याला उपाशी ठेवतात. तो थट्टेत बोलायचा आणि मी हसून सोडून द्यायची. तेव्हाच कान टवकारले असते तर.

पुढे पुढे तर काही ताळतंत्रच राहिलं नाही. गर्दीचे बुधवार ओसरले, सगळेच अर्धेमुर्धे झाले. माघात सलग तीन बुधवार ओसरी जवळजवळ ओस पडली, आणि चौथ्याला मी लाल शाईची बाटली उघडली. दोन तासांत चौऱ्याहत्तर नावांपुढे शेरा मारला. शेवटचं कार्ड मनुबाईचं.

दुसऱ्या दिवशी फाल्गुनातली विनायकी होती. मी पूजा आटोपली आणि माझी वही घेतली. मी रोजची नोंद ठेवते, लग्नाआधीपासून. आज कुठली तिथी, कोणता उपास, किती जप झाला, काय चुकलं. त्या दिवशी 'काय चुकलं' इथे लिहायला लागले आणि मनुबाईचा प्रश्न लिहिला. तो लिहिल्यावर हात पुढे जाईना. म्हणून मागची पानं चाळू लागले, ते तीन बुधवार कसे गेले ते आठवायला.

पहिला बुधवार, एकादशी. दुसरा, संकष्टी. तिसरा, पुन्हा एकादशी. तिन्ही दिवस माझे उपास.

मी देवघरापुढून उठले आणि तपासणीच्या वहीची माझी प्रत आणली. जमिनीवर दोन्ही वह्या शेजारी शेजारी मांडल्या. गर्दीचा पहिला बुधवार, कार्तिक वद्य नवमी. त्यानंतर आठ जणांचा आणि नऊ जणांचा, पौर्णिमा आणि अमावास्येच्या आगेमागे. गर्दी झाली होती ती सगळी सप्तमी, अष्टमी, नवमीला. एकही अपवाद नाही. नीलाने तीन महिने ज्या आकड्यांवर डोकं धरलं होतं, मोठे डॉक्टर ज्याला लोकांचा लहरीपणा म्हणत होते, ते सगळं माझ्या भिंतीवरच्या पंचांगात छापलेलं होतं.

मला हर्ष वगैरे झाला नाही. मी तिथी पाळणारी बाई. घड्याळाआधी पंचांग बघते. आणि चार महिने मी त्या ओसरीवर बसून लोकांना बुधवारच्या नावाने हजेरी विचारत होते.

अष्टमी सोमवारी आली. मी रजा टाकली, दाब मोजायचं यंत्र पिशवीत घातलं आणि एकटीच बंदरपाड्याला गेले. कुणाला कळवलं नव्हतं. पाडा भरलेला होता. होड्या काठाला उलथ्या घातलेल्या, पुरुष जाळी सांधत होते, बाया दारात सुकट निवडत होत्या. मुलांना न्हाऊ घालत होत्या. बुधवारी ज्या दारांना कड्या बघितल्या होत्या ती सगळी दारं उघडी होती.

गुणाजीबाबा म्हणून पाड्यातले म्हातारे. त्यांना मी विचारलं, की असं असतं का. ते माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे बघत राहिले. मग त्यांनी मला शाळेतल्या पोरीला शिकवावं तसं शिकवलं. पौर्णिमा-अमावास्येला खाडीला उधाण येतं, पाणी जोरात ओढतं, तेव्हा जाळ्यात मासळी भरते. एकादशीपासून पंचमीपर्यंत तसे दिवस. पुरुष पाण्यात आणि बाया पाटी घेऊन बाजारात, दुपार उलटेपर्यंत. सप्तमी ते दशमी पाण्याला ओढ नसते. मग सगळे घरी.

"पानी वार नाय बगत," ते म्हणाले. "पानी तिथी बगतं."

शेवंती मागे उभी होती. "तू एकादस करतंस, चतुर्थी करतंस," ती मला म्हणाली. "तुला तं म्हायती पायजे व्हती. तुज्या सायबाचा सोड."

मी विचारलं, मग सांगितलं का नाही. ती म्हणाली, कोन इचारलाय? तुमी आलाव, दिवस सांगितलाव, गेलाव. आमाला वाटला, सरकारी काम, तुमच्यात असाच आसल.

त्या दिवशी ओसरीवर मी अठ्ठ्याण्णव जणांचा दाब मोजला. एकशे बारातले अठ्ठ्याण्णव. ज्या चौऱ्याहत्तरांपुढे लाल शेरा होता त्यांतले सदुसष्ट. पोळीचा डबा पिशवीतच राहिला. संध्याकाळी चंद्रभागा म्हणून एक म्हातारी होती, तिने तांब्या पुढे केला आणि मी घटाघटा पाणी प्यायले. तोवर दर बुधवारी मी घरून बाटली न्यायची, हेही कबूल करून टाकते. ते त्यांनी पहिल्या दिवसापासून बघितलं होतं आणि कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

मनुबाईचा दाब पुन्हा एकशे ऐंशीवर गेला होता. गोळ्या कपाटात, कपाट नौपाड्यात, किल्ली डॉक्टरांकडे. ती म्हणाली, आनशील ना. मी म्हटलं, आणीन.

संस्थेच्या बैठकीत मी सगळं मांडलं. दोन वह्या, तिथ्या, आकडे. माझा आवाज मुळातच बारीक, त्यात त्या खोलीत पंखा खडखडायचा. मोठ्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं, त्यांचा चेहरा वाईट नव्हता. ते म्हणाले, हे सगळं फार छान आहे, पण अभ्यास पंचांगावर चालत नाही. मधेच दिवस बदलला तर दोन वस्त्यांची तुलना बिघडते. शिस्त हाही उपचाराचाच भाग आहे. ज्याला औषधाची गरज वाटते तो वेळ काढतो.

मी विचारलं, मग नौपाड्याचा दिवस का बदलला?

हे सगळ्यांना माहीत होतं. नौपाड्याच्या सोसायट्यांत तपासणी आधी मंगळवारी ठेवली होती. तीन मंगळवार कुणी फिरकलं नाही. तेव्हा ना लाल शाई निघाली ना शेरा. रविवार सकाळ ठरली, सोसायटीच्या हॉलमध्ये, चहासकट.

डॉक्टर म्हणाले, "ते लोक नोकरीवर जातात, वासंतीबाई. मंगळवारी येणार कसे?"

"आणि ह्या बाया पाटी घेऊन जातात ती हौसेने जातात का?" मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. शेवटी सांगितलं की चैत्राअखेर आढावा आहे, देणगीदारांचे दोन प्रतिनिधी येणार आहेत, तेव्हा बघू. तोवर नियम तोच. आणि बंदरपाड्याचं सहकार्य असंच राहिलं तर तिथल्या गोळ्यांची खोकी खडवलीकडच्या पाड्यांना देता येतील, तिथेही गरजू आहेत.

गरजू आहेतच. पण एका गरजूच्या हातातलं काढून दुसऱ्याला द्यायचं आणि वर पहिल्यावर नकाराचा शिक्का मारायचा, हे मला जेवताना आठवायचं, जप करताना आठवायचं. माळ हातात घ्यावी आणि मणी मोजता मोजता चौऱ्याहत्तर नावंच ओठांवर यावीत. राग करू नये असं मी आयुष्यभर ऐकत आले, पाळतही आले. त्या दोन महिन्यांत मला वाटायला लागलं की ज्याला कधीच राग येत नाही त्याचा उपाससुद्धा देव मोजत नसेल.

फाल्गुन वद्य अष्टमीला मी पुन्हा गेले. पुन्हा ओसरी भरली. चैत्रातल्या अष्टमीला गेले तेव्हा मनुबाई ओसरीवर नव्हती. घरी गेले. ती विळीपुढे बसली होती, पण मासळी शेवंती कापत होती. मनुबाईने उजवा हात मांडीवर ठेवला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"हात झोपलाय," ती म्हणाली. "सकाली व्हता तसाच आता. उठंल."

दामाजी दारात होता. त्याने हातातली गाठ सोडून दिली आणि बायकोच्या त्या हाताकडे बघत बसला.

मी तिला रिक्षात घालून पालिकेच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. म्हणाल्या, छोटा झटका आहे, नशीब बलवत्तर. गोळी का सोडलीत मावशी? मनुबाईने माझ्याकडे बोट दाखवलं नाही. म्हणाली, संपल्या. त्यांनी आठ दिवसांच्या लिहून दिल्या, तेवढ्याच होत्या त्यांच्याकडे.

आठवड्याने हात उठला. पण दोन बोटं वळेनात.

आढाव्याची तारीख आली. बुधवार, चैत्र अमावास्या. भरउधाण. मी मुद्दाम नीलाला पंचांग दाखवलं. ती म्हणाली, ताई, म्हणजे त्यांच्याबद्दल बोलायची सभासुद्धा त्यांना येता येणार नाही अशाच दिवशी. मी म्हटलं, हो, आणि हे कुणी ठरवून केलेलं नाही, हेच जास्त वाईट.

सकाळी डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर अहवालाची पानं होती. वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्तीची सही प्रत्येक पानावर लागते, देणगीदारांची तशी अट. चौदाव्या पानावर लिहिलं होतं: बंदरपाडा, नकार चौऱ्याहत्तर, कारण अज्ञान व उदासीनता.

मी पान वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

डॉक्टर समजुतीने बोलले. म्हणाले, सही करा, म्हणजे हे काम पुढे चालेल. पुढच्या वर्षी तुमच्या त्या तिथ्यांचाही विचार करू. सही नाही केली तर अहवाल अडकेल, पैसे अडकतील, मग नौपाड्यालाही गोळ्या नाहीत आणि बंदरपाड्यालाही नाहीत. एका बाईच्या हट्टापायी. त्या मनुबाईला आज गोळी हवी आहे की तिची बाजू खरी हवी आहे, ते तुम्हीच ठरवा.

मी ठरवू शकले नाही. मोठेपणा सांगत नाही. माझा हात पेनाकडे गेला होता. तिची दोन बोटं मला दिसत होती. गोळी मिळत असेल तर एका खोट्या सहीचं काय, प्रायश्चित्त घेईन, असाही हिशेब मनात झाला होता.

तेवढ्यात खालून गलका आला. गलका कसला, बायकांची बोलणी. रखवालदार कुणालातरी चपला बाहेर काढायला सांगत होता आणि शेवंती त्याला विचारत होती की पाय पण बाहेर ठेवू का.

अकरा जणी आल्या होत्या. बाजार अर्ध्यावर टाकून, पाट्या डोक्यावर घेऊन. हॉलच्या सतरंजीवर मासळीचं पाणी ठिबकत होतं. मनुबाई पुढे. तिच्या डाव्या हातात ते कार्ड होतं. मागून कळलं की जीप धुवायला नेतो सांगून उत्तम आदल्या दिवशी पाड्यात जाऊन आला होता. नीलाला माहीत होतं.

देणगीदारांचे दोन गृहस्थ खुर्च्यांवर बसले होते. डॉक्टर जिना उतरून आले, त्यांनी बायांकडे बघितलं, पाट्यांकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा खरंच उजळला. ते पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "बघा. आज बुधवार आहे. मनात आणलं तर येता येतं ना?"

भर उधाणाचा दिवस पाण्यात सोडून आलेल्या बाया, त्यांचं येणंच त्यांच्याविरुद्ध वापरलं.

मनुबाई पुढे आली. आवाज चढवला नाही. "आज आली ती भांडाय आली," ती म्हणाली. "दवा घेवाला दर येली भांडत यवचा कं?"

तिने कार्ड टेबलावर ठेवलं, लाल शब्दावर न वळणारं बोट टेकवलं. "ह्या मी कवा बोलली त्या दाखवा. दिवस सांगा. तिथी सांगा. मी बोलली आसन तं मी हिकरशी उठून जान."

डॉक्टर म्हणाले की हा तांत्रिक शब्द आहे, त्याचा अर्थ तसा घ्यायचा नसतो.

"अर्थ तोच आहे," मी म्हटलं. मला वाटतं त्या इमारतीत माझा आवाज पहिल्यांदाच पंख्याच्या वर गेला. "आणि तो खोटा आहे. ह्यांनी नाही म्हटलेलं नाही. आपण विचारलेलंच नाही. मी ह्या पानावर सही करणार नाही."

डॉक्टरांनी उत्तमकडे बघितलं. तोही वस्तीवर जात होता, त्याची सही चालली असती. उत्तमने मान खाजवली. म्हणाला, साहेब, माझं अक्षर फार खराब आहे. नीलाने माझ्या दोन वह्या आणून पाहुण्यांपुढे उघडल्या आणि अष्टमीचे आकडे दाखवले. पहिल्या गृहस्थांनी बघितले, दुसऱ्यांनी रुमालाने नाक धरलं होतं ते काढलं आणि बघितले. मग ते दोघे आणि डॉक्टर आत गेले. दार लागलं. अर्धा तास बाया सतरंजीवर बसून होत्या आणि पाट्यांतली मासळी उन्हाळ्याच्या दुपारी जशी होते तशी होत होती. एकीनेही उठून पाटी सावलीत नेली नाही.

डॉक्टर बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, सप्तमी, अष्टमी. सहा महिने. नावं परत घ्या. उत्तम, किल्ली घ्या.

मनुबाईला गोळ्या मी तिथेच दिल्या. तिने एक तिथेच गिळली, पाणी न मागता.

जिंकलो, असं वाटायला हवं होतं. काम चांगलं झालं, हे खोटं नाही. वैशाखापासून तपासणी तिथीवर लागली, ती सहा महिन्यांनंतरही तशीच राहिली, शंभराच्या खाली कधी माणूस आलं नाही, आणि वर्षभरात बंदरपाड्यात एकच लकवा झाला. पण छापील अहवाल हातात आला तेव्हा मी आधी चौदावं पान उघडलं. त्यावर सही दुसऱ्या कुणाचीतरी होती, मला न ओळखू येणारी. नकार चौऱ्याहत्तर तसाच होता. कारण, अज्ञान व उदासीनता. खाली एक वाक्य वाढवलं होतं, की संस्थेच्या अथक जनजागृतीमुळे वस्तीच्या मानसिकतेत बदल झाला व सहकार्य वाढले.

बदलला होता आमचा दिवस. लिहिलं होतं, त्यांची मानसिकता.

मी नोकरी सोडली नाही. सोडली असती तर अष्टमीला कोण गेलं असतं? पुढच्या तपासणीला मी ते पुस्तक घेऊन गेले आणि ओसरीवर वाचून दाखवलं, एक अक्षर न गाळता. मनुबाईला मी म्हटलं, जुनं कार्ड दे, नवं करून देते, स्वच्छ. तिने दिलं नाही. म्हणाली, राहू दे, ह्या कामाला यवल.

तिने ते रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं. त्यानंतर पाड्यात किती पाहण्या आल्या, मलेरियाच्या, कुटुंबकल्याणाच्या, साक्षरतेच्या. पंच्याण्णवच्या सुमाराला पोलिओचे डोस पाजायला मुली आल्या तेव्हा मी तिथेच होते. मनुबाईचे केस पांढरे झाले होते, बोटं तशीच होती. तिने मुलींना बसवलं, चहा दिला, मग पिशवीतून ते कार्ड काढून पुढे ठेवलं. लाल शाई फिकी झाली होती, तरी वाचता येत होती.

"ह्या आदी वाचा," ती म्हणाली. "मंग सांगा, दिवस कोन ठरवनार, तुमी कं आमी?"